ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी

खाते अधिक सुरक्षित करायचे असेल तर मोबाइल क्रमांक द्या, असे जवळजवळ प्रत्येक मोठी वेबसाइट सांगते, आणि हा सल्ला मुळात योग्यच आहे. पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवर येणारा कोड चोराच्या हाती लागत नाही आणि खाते वाचते. ट्विटरने हेच कारण सांगून २०१९ पर्यंतच्या काही वर्षांत १४ कोटींहून अधिक लोकांकडून फोन क्रमांक आणि ईमेल पत्ते घेतले. पुढे असे उघड झाले, की हीच माहिती जाहिरातदारांकडच्या याद्यांशी जुळवून कोणाला कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवण्यासाठीही वापरली जात होती. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाने केलेल्या कारवाईनंतर २०२२ च्या मे महिन्यात कंपनीला १५ कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला. फेसबुकवर २०१९ साली याच आयोगाने जे आरोप ठेवले होते, त्यांतही सुरक्षेसाठी दिलेल्या क्रमांकांचा जाहिरातींसाठी वापर हा एक आरोप होता.

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या आपली माहिती कशी गोळा करतात, याविषयी वाचताना मला हे उदाहरण नेहमीच सर्वांत महत्त्वाचे वाटत आले आहे. इथे कोणी सर्व्हर फोडला नव्हता, माहिती चोरीला गेली नव्हती, आणि ती देणाऱ्याने निष्काळजीपणाही केला नव्हता. उलट एखाद्या सावध माणसाने जे करावे तेच त्याने केले होते. त्याने क्रमांक एका कामासाठी दिला आणि तो दुसऱ्याच कामाला लावला गेला. ऑनलाइन खाजगीपणाच्या प्रश्नाचे मूळ माझ्या मते इथे आहे. कंपन्यांकडे आपली किती माहिती आहे, हा प्रश्न आपण वारंवार विचारतो आणि तो रास्तही आहे. परंतु ती कशासाठी दिली होती आणि कशासाठी वापरली गेली, असे विचारू लागलो की या व्यवहारातल्या कितीतरी गुंतागुंतीच्या गोष्टी स्पष्ट होत जातात.

ब्राउझरमधल्या कुकीचा इतिहासच पाहा. नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी १९९४ साली ती तयार केली, तेव्हा सोडवायची अडचण साधी होती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हे वेबसाइटला कळण्याची सोय नव्हती, त्यामुळे खरेदीसाठी निवडलेल्या वस्तूंची यादीसुद्धा तिला लक्षात ठेवता येत नसे. कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या संगणकावर ठेवलेली एक छोटी खूण, आणि ज्या वेबसाइटने ती ठेवली तिलाच ती परत वाचता यावी, अशी तिची रचना होती. परंतु वेबवरचे एक पान अनेक ठिकाणांहून आलेल्या तुकड्यांचे बनलेले असते. बातमी एका सर्व्हरवरून येते आणि तिच्या शेजारची जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि त्या दुसऱ्या कंपनीलाही स्वतःची खूण आपल्या संगणकावर ठेवता येत असे. अशी एकच कंपनी हजारो वेबसाइटवर जाहिराती पुरवत असेल, तर तिला त्या सगळ्या वेबसाइटवर स्वतःचीच एक खूण भेटत राहते, आणि आपण सकाळी काय वाचले, दुपारी काय शोधले आणि रात्री कोणत्या आजाराची माहिती घेतली, हे एका धाग्यात ओवले जाते. विसराळू वेबसाइटला मदत करण्यासाठी जन्मलेली खूण काही वर्षांतच माणसाचा माग काढण्याचे साधन झाली.

डबलक्लिक ही अशा जाहिराती पुरवणारी मोठी कंपनी होती. गूगलने ती ३१० कोटी डॉलरला विकत घेण्याचे २००७ साली जाहीर केले आणि पुढच्या वर्षी हा व्यवहार पूर्ण झाला. त्या वेळी अनेक जाणकारांनी भीती व्यक्त केली होती, की शोधयंत्राला आणि ईमेलला ठाऊक असलेला माणूस आणि जाहिरातींच्या कुकीला ठाऊक असलेला निनावी वाचक हे दोघे आता एकत्र केले जातील. बरीच वर्षे गूगलच्या धोरणात या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या जातील असे लिहिलेले होते. २०१६ साली ते वाक्य बदलले, आणि वापरकर्त्याच्या खात्याच्या सेटिंगनुसार या दोन्ही प्रकारची माहिती जोडली जाऊ शकते असे नवे शब्द आले. बदल जाहीर झाला होता, नव्या सोयी म्हणून तो लोकांसमोर मांडलाही गेला होता, पण आधीच्या वचनावर विसंबून राहिलेल्या माणसाला या बदलाचा अर्थ समजला असेल, असे मला वाटत नाही.

आज कुकीची जागा अनेक ठिकाणी अधिक चिवट साधनांनी घेतली आहे. ‘पिक्सेल’ म्हणून ओळखला जाणारा प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा वेबसाइटचे मालक स्वतःच आपल्या पानावर लावतात, कारण त्यांना आपल्या जाहिरातींचा उपयोग होतो आहे की नाही हे मोजायचे असते. मोबाइल ॲप बनवणारे त्याच कारणासाठी मोठ्या कंपन्यांचे तयार कोड आपल्या ॲपमध्ये घालतात. कुकी नसली तरी ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, संगणकावरचे फाँट, वेळेचा विभाग अशा किरकोळ तपशिलांच्या एकत्रित ठशावरून यंत्र ओळखता येते. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० साली केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नव्हता. कुकी पुसून टाकता येते, पण हा ठसा पुसण्याचे कोणतेही सोपे बटण नाही.

या साधनांचा सर्वांत क्लेशकारक परिणाम आरोग्याच्या बाबतीत दिसतो. फ्लो नावाचे मासिक पाळीची नोंद ठेवणारे ॲप जगभरात १० कोटींहून अधिक लोकांनी वापरले होते. पाळी कधी आली, गर्भधारणेचा विचार आहे का, अशा नोंदी स्त्रिया त्यात करत होत्या, आणि ही माहिती खाजगी ठेवली जाईल असे ॲपने सांगितले होते. प्रत्यक्षात ॲपमध्ये घातलेल्या तयार कोडमधून या नोंदींबद्दलचे संदेश फेसबुक आणि गूगल यांच्यासारख्या कंपन्यांच्या सेवांकडे जात होते, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ साली या प्रकरणात तडजोड झाली. पुढच्याच वर्षी ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या १०० नामांकित रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ३३ वेबसाइटवर मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचा, पिक्सेल आढळला, आणि कोणी डॉक्टरची वेळ घेण्यासाठी बटण दाबले की त्याची खबर फेसबुककडे जात होती. ज्या माणसाने ते बटण दाबले, त्याच्या मनात त्या क्षणी फक्त आजार होता. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट डॉक्टरपाशीच राहते, ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यावर विसंबूनच माणसे मोकळेपणाने बोलतात. रुग्णालयाने मुद्दाम विश्वासघात केला असे मी म्हणणार नाही. बहुधा तिथल्या कोणाला तो तुकडा नेमके काय पाठवतो हे माहीतही नसेल. परंतु माहीत नसताना असे घडू शकते, हीच या यंत्रणेविषयीची सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

जाहिरातीची जागा विकली जाते ती पद्धतही पुष्कळांना ठाऊक नसते. एखादे पान उघडले की त्यावरच्या रिकाम्या जागेसाठी लिलाव पुकारला जातो. आपण कोणते पान उघडले आहे, यंत्र कोणते, अंदाजे ठिकाण कोणते, जाहिरातीसाठी दिलेला ओळख क्रमांक कोणता, असा तपशील एकाच वेळी अनेक कंपन्यांकडे पाठवला जातो, त्या बोली लावतात, आणि पापणी लवण्याच्या आत निकाल लागून जाहिरात दिसते. बोली एकच कंपनी जिंकते. परंतु तपशील हरलेल्यांकडेही पोहोचलेला असतो, आणि त्यांनी त्याचे पुढे काय केले हे तपासण्याचा मार्ग वापरकर्त्याकडे नसतो.

काही काळापूर्वी मी एका मोठ्या कंपनीकडून माझ्या खात्याची सगळी माहिती मागवून घेतली. ही सोय आता बहुतेक मोठ्या सेवांमध्ये आहे आणि प्रत्येकाने ती एकदा तरी वापरावी असे मी आग्रहाने सांगेन. मी स्वतः लिहिलेले संदेश आणि टाकलेली छायाचित्रे त्यात असणार हे अपेक्षितच होते. मला विचारात पाडले ते दोन भागांनी. एका भागात, त्या कंपनीशी काहीही संबंध नाही असे मी समजत होतो अशा ॲपनी आणि वेबसाइटनी माझ्याबद्दल तिला कळवलेल्या घटना होत्या, तारीख आणि वेळेसह. दुसऱ्या भागात माझ्या आवडीनिवडींची, मी कुठेही न लिहिलेली यादी होती. तिच्यातल्या काही नोंदी साफ चुकीच्या होत्या आणि काही इतक्या बरोबर होत्या, की त्या मी जवळच्या मित्रांनाही सांगितलेल्या नव्हत्या. चुकीच्या नोंदींनी मला दिलासा मिळाला नाही, कारण चुकीच्या अंदाजावरूनही माणसाविषयी निर्णय घेतले जातातच. ऑस्ट्रियाचे मॅक्स श्रेम्स यांनी विद्यार्थी असताना २०११ साली फेसबुककडे आपली माहिती मागितली, तेव्हा त्यांना सुमारे १,२०० पानांची फाइल मिळाली होती, आणि आपण काढून टाकले आहे असे त्यांना वाटत होते ते मजकूरही तीत होते. पुढे त्यांनी केलेल्या तक्रारींतून जे खटले उभे राहिले, त्यांमुळे युरोप आणि अमेरिका यांच्यातला माहितीच्या देवाणघेवाणीचा करार युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने आधी २०१५ साली आणि त्याच्या जागी आलेला नवा करार २०२० साली रद्द केला.

अंदाजांचा हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली फेसबुकवर स्वेच्छेने सहभागी झालेल्या सुमारे ५८,००० लोकांच्या ‘लाइक’ तपासल्या आणि केवळ त्यांवरून माणसाचा राजकीय कल, धर्म, लैंगिक कल, व्यसने यांचा अंदाज किती अचूक बांधता येतो ते पाहिले. डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे ८५ टक्के प्रकरणांत बरोबर ओळखता आले. त्यासाठी कोणी पक्षाच्या पानाला पसंती दिलेली असण्याची गरज नव्हती. संगीत, खेळ, खाद्यपदार्थ यांच्या निरुपद्रवी पसंतींच्या बेरजेतून हे निष्कर्ष निघत होते. लैंगिक कल ज्यांनी कोणालाही सांगितलेला नाही आणि जिथे तो उघड होणे जिवावर बेतू शकते अशा समाजात जे राहतात, त्यांच्यासाठी याचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रत्येकाने थोडा वेळ करून पाहावा. आपण काय सांगायचे हे आपल्या हाती असते, पण त्यावरून काय ताडले जाईल हे आपल्या हाती राहत नाही.

म्हणूनच ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ हे उत्तर मला पटत नाही. असे म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु काय लपवण्यासारखे आहे हे तो आजच्या परिस्थितीवरून ठरवत असतो, आणि माहिती मात्र पुढच्या सरकारच्या, पुढच्या मालकाच्या, पुढच्या विमा कंपनीच्या काळातही टिकून राहते. आज कायदेशीर असलेली गोष्ट उद्या गुन्हा ठरू शकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा पाळीची नोंद ठेवणारी ॲप अनेक स्त्रियांनी काढून टाकली, कारण जुन्या नोंदींना एका निकालाने नवा अर्थ आला होता.

कंपन्यांकडून याला एक उत्तर नेहमी दिले जाते, की माहितीतून नाव काढून टाकलेले असते. हे उत्तर किती पोकळ आहे हे वीस वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले, की जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. त्याआधी त्यांनी नावे काढून प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय नोंदींतून मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तत्कालीन गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती. एओएल या इंटरनेट कंपनीने २००६ साली संशोधकांसाठी साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर केलेले सुमारे दोन कोटी शोध नावांऐवजी क्रमांक घालून खुले केले, तेव्हा पत्रकारांनी थोड्याच दिवसांत त्या क्रमांकांपैकी एकामागची स्त्री शोधून तिची भेट घेतली. तिने काय काय शोधले होते, त्यावरूनच ती सापडली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल फोनच्या नोंदी पाहिल्या गेल्या आणि असे आढळले, की माणूस कोणत्या वेळी कोणत्या परिसरात होता हे फक्त चार वेळा माहीत असले तर ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात. रात्री फोन कुठे असतो आणि दिवसा कुठे असतो, एवढ्यावरून घर आणि कामाची जागा कळते. मग नावाची गरजच उरत नाही.

आता संमतीविषयी. कंपन्यांचा सगळा कायदेशीर डोलारा ‘वापरकर्त्याने मान्यता दिली होती’ या एका वाक्यावर उभा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ साली हिशेब केला होता, की आपण वर्षभरात ज्या वेबसाइटना भेट देतो त्यांची खाजगीपणाची धोरणे खरोखर वाचायची ठरवली, तर वर्षाकाठी दोनशेहून अधिक तास लागतील. त्यानंतर वेबसाइटही वाढल्या आणि धोरणेही लांबली. त्यातही प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो, ती रीत अनेकदा न्याय्य नसते. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने २०२२ च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, तो याच कारणासाठी: कुकी स्वीकारायला एक क्लिक पुरत होता आणि नाकारायला अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागत होत्या. काही वेळा तर नकार देऊनही उपयोग होत नाही. असोसिएटेड प्रेसने २०१८ साली उघडकीस आणले, की गूगलच्या खात्यात ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगखाली ठिकाणाच्या नोंदी साठतच राहत होत्या, आणि त्या दुसऱ्या सेटिंगच्या नावात ठिकाणाचा उल्लेखही नव्हता. या प्रकरणात २०२२ साली अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड झाली. सामान्य माणसाने सेटिंग शोधून काढले, समजून घेतले आणि बंद केले, एवढे कष्ट घेतल्यावरही जर त्याचा नकार पाळला जात नसेल, तर त्याच्या होकाराला काय किंमत द्यायची?

शिवाय ही संमती बहुतेक वेळा एकट्याची नसते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात व्यक्तिमत्त्व चाचणीचे जे ॲप वापरले गेले, ते फक्त सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले होते. त्या काळच्या फेसबुकच्या नियमांनुसार ॲपला त्यांच्या मित्रांचीही माहिती वाचता येत होती, त्यामुळे फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. या कोट्यवधी लोकांना कोणी काही विचारले नव्हते आणि त्यांनी कोणतेही बटण दाबले नव्हते. २०१८ साली हे सगळे जगासमोर आले आणि पुढच्या वर्षी फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला, तरीही खाजगीपणा म्हणजे प्रत्येकाने आपापले सेटिंग सांभाळण्याची गोष्ट आहे, ही समजूत काही बदलली नाही. ती बदलायला हवी असे मला मनापासून वाटते. माझे संदेश माझ्या मित्राच्या फोनमध्ये असतात, माझा चेहरा दुसऱ्याच्या छायाचित्रात असतो, आणि माझ्या आनुवंशिक आजाराची शक्यता माझ्या भावंडाने दिलेल्या तपासणीच्या नमुन्यात असते.

दुसरी बाजू मी नाकारत नाही. रस्त्यावरची कोंडी नकाशा आधीच दाखवतो, ते हजारो फोनांच्या ठिकाणांमुळे शक्य होते. नको असलेली पत्रे ओळखणारी ईमेलची चाळणी लोकांच्या पत्रांवरूनच शिकलेली असते. मी या सेवा वापरतो आणि त्या बंद व्हाव्यात असे मला वाटत नाही. नकाशाने कोंडी ओळखण्यासाठी माझे ठिकाण वापरावे, ही ज्या कामासाठी दिली त्याच कामाची गोष्ट झाली. मात्र तीच नोंद वर्षानुवर्षे माझ्या नावापुढे जपून ठेवणे आणि तिच्यावरून माझी प्रकृती, श्रद्धा आणि मिळकत ताडणे हे त्या सेवेसाठी मुळीच गरजेचे नसते. ते गरजेचे असते उत्पन्नासाठी: मेटाला २०२३ साली सुमारे १३,५०० कोटी डॉलरचा महसूल मिळाला आणि त्यातला ९७ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा होता. सरळ प्रश्न विचारला तर लोक काय उत्तर देतात, हेही एकदा दिसून आले आहे. ॲपलने २०२१ च्या एप्रिलमध्ये आयफोनवर असा नियम आणला, की दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपवर आणि वेबसाइटवर माग काढायचा असेल तर ॲपने आधी विचारले पाहिजे आणि नकाराचे बटण होकाराच्या शेजारीच असले पाहिजे. या बदलामुळे २०२२ या एका वर्षात आपले सुमारे १,००० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज मेटानेच पुढे दिला. ॲपलचाही स्वतःचा जाहिरातींचा व्यवसाय आहे, आणि तिचे हेतू निव्वळ उदात्त होते असे मानण्याचे कारण नाही. तरी त्या एका प्रश्नाने जे दाखवले ते दाखवलेच.

कायद्यांपैकी युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहितीच्या संरक्षणाचा कायदा मला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. २५ मे २०१८ पासून तो लागू आहे आणि त्याच्या पाचव्या कलमात हेच तत्त्व आहे: माहिती ठरावीक, स्पष्ट आणि वैध हेतूसाठीच गोळा करावी आणि त्या हेतूशी विसंगत असा तिचा पुढे वापर करू नये. दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. भारताच्या २०२३ च्या कायद्यातही सांगितलेल्या हेतूपुरतीच संमती मानावी असे म्हटले आहे. पण कलम आणि व्यवहार यांच्यात फार मोठे अंतर आहे. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २०१९ साली फेसबुकला बजावले, की व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि बाहेरच्या वेबसाइट यांवरची माहिती वापरकर्त्याच्या मोकळ्या संमतीशिवाय एकत्र करता येणार नाही. त्या आदेशामागचा विचार योग्य आहे हे युरोपच्या न्यायालयाकडून कळायला २०२३ चा जुलै उजाडला. चार वर्षांत या कंपन्यांचे कितीतरी काम होऊन जाते, आणि एकदा जोडलेली माहिती पुन्हा वेगळी करणे जवळजवळ अशक्य असते.

दरम्यान हेतू बदलण्याचा नवा आणि आजवरचा सर्वांत मोठा प्रकार आपल्यासमोर सुरू झाला आहे. लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेला मजकूर आणि टाकलेली छायाचित्रे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे शिकवण्यासाठी वापरली जात आहेत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक नोंदी या कामासाठी वापरण्याचे मेटाने २०२४ साली युरोपमध्ये जाहीर केले, आयर्लंडच्या नियामकाच्या सांगण्यावरून ते थांबवले आणि २०२५ साली पुन्हा सुरू केले. हरकत घेण्यासाठी एक अर्ज ठेवला आहे, परंतु तो वापरकर्त्याने शोधून भरायचा आहे. न भरणारा माणूस तयार आहे असे धरले जाते. दहा वर्षांपूर्वी ज्याने बाळाच्या जन्माची बातमी आनंदाने लिहिली, त्याच्यासमोर तेव्हा त्याचे आप्त होते. अशा यंत्रांची त्याला कल्पनाही असणे शक्य नव्हते, आणि ज्या गोष्टीची कल्पना करता येत नाही तिला आधीच संमती दिली होती असे म्हणणे मला अप्रामाणिक वाटते. माझी मागणी स्पष्ट आहे: हेतू बदलला की आधीची संमती संपली, आणि नव्या हेतूसाठी नव्याने विचारणे कंपनीवर बंधनकारक असावे, गप्प राहणाऱ्याचा अर्थ नकार असा धरावा.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते थोडे आहे, पण शून्य नाही. अँड्रॉइड फोनवर जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक सेटिंगमध्ये जाऊन कायमचा काढून टाकता येतो, आयफोनवर ॲपना माग काढण्याची विनंती करायलाच मनाई करता येते. फायरफॉक्स आणि सफारी हे ब्राउझर माग काढणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या कुकींना आपणहून अडवतात; क्रोममध्ये त्या अडवण्याचे काम आपल्याला करावे लागते. ‘इन्कॉग्निटो’ खिडकीवर मात्र विसंबू नये: ती आपल्याच संगणकावरचा इतिहास ठेवत नाही, वेबसाइटना आणि त्यांवरच्या माग काढणाऱ्या साधनांना आपण दिसतच असतो, आणि याच गैरसमजावरून झालेल्या खटल्यात गूगलने २०२४ साली अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरत असतानाच’ एवढीच द्यावी. ज्या ॲपला पत्ता कळल्याशिवाय त्याचे काम करता येते, त्याला तीही देऊ नये.

या सगळ्यांत एक परवानगी मी आता कोणत्याही ॲपला देत नाही, आणि ती म्हणजे फोनमधली संपर्कांची यादी. ती यादी दिली की माझे फारसे काही जात नाही. जातात ती शेकडो इतर माणसांची नावे, त्यांचे क्रमांक, आणि मी त्यांना ज्या नात्याने नोंदवले आहे ती नाती. त्यांच्यापैकी काहींनी ती सेवा मुद्दाम टाळलेली असते, आणि माझ्या एका होकाराने ते तिच्या नोंदवहीत जातात. यादी न देता ॲप चालत नसेल, तर मी ते काढून टाकतो आणि ज्यांना निरोप द्यायचा त्यांना फोन करतो.